मरुभूमीचा वाटाड्या : राजस्थान-प्रवासासाठी मार्गदर्शिकेची निवड आणि नेरचा वाचक

१. प्रास्ताविक

मराठी प्रवासवाङ्मयाचा अभ्यास हा प्रामुख्याने प्रवासवर्णनांचा अभ्यास राहिला आहे. लेखकाचे व्यक्तिमत्त्व, निसर्गचित्रण, शैली, विनोद, आत्मपरता या अंगांनी प्रवासवर्णनांची चिकित्सा विपुल प्रमाणात झाली. त्या मानाने प्रवासापूर्वी आणि प्रवासात हाताशी बाळगले जाणारे मार्गदर्शक पुस्तक मात्र वाङ्मयबाह्य मानले गेले. 'उपयुक्त साहित्य' असा शिक्का मारून ते बाजूला सारले गेले. वस्तुतः काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि पाहिलेल्याचा अर्थ काय लावावा, हे सामान्य प्रवाशाच्या बाबतीत मार्गदर्शिकाच ठरविते. प्रवासवर्णन वाचून फार थोडे लोक प्रवासाला निघतात. मार्गदर्शिका वाचून निघणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ज्या लेखनाचा वाचकाच्या दृष्टीवर एवढा अधिकार चालतो, त्याची चिकित्सा टाळणे योग्य नव्हे.

प्रस्तुत निबंधात राजस्थान या मरुप्रदेशाच्या प्रवासासाठी मराठी वाचकाने मार्गदर्शिका कशी निवडावी, या व्यावहारिक प्रश्नाचा वाङ्मयीन अंगाने विचार केला आहे. 'मराठी वाचक' ही संज्ञा फार मोघम असल्यामुळे विवेचनासाठी एक निश्चित ठिकाण घेतले आहे. ते म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील नेर. परसोपंत या जोडनावाने ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव अमरावती-यवतमाळ रस्त्यावर वसले आहे. गावाला रेल्वे नाही. लांबच्या प्रवासासाठी एस. टी.ने बडनेरा गाठावे लागते. भोवतालची जमीन काळी, मुख्य पीक कापूस, शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. परिसरात बंजारा समाजाचे तांडे आहेत, आणि वऱ्हाडातील कोणत्याही बाजारगावाप्रमाणे येथील व्यापारावरही मारवाडी कुटुंबांचा ठसा आहे. येथे ज्याला 'नेरचा वाचक' म्हटले आहे तो कोणी विशिष्ट गृहस्थ नव्हे. या परिस्थितीतून प्रवासाला निघणारा एक संकल्पित वाचक होय. त्याच्या गरजांवर मार्गदर्शिका तपासून पाहिली असता तिचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. मार्गदर्शिका आणि प्रवासवर्णन

दोहोंतील भेद प्रथम क्रियापदांत दिसतो. प्रवासवर्णन भूतकाळात आणि प्रथमपुरुषात चालते. मार्गदर्शिका विध्यर्थात चालते. 'गेलो, पाहिले, वाटले' हा एकीचा व्यवहार, तर 'जावे, पाहावे, टाळावे' हा दुसरीचा. प्रवासवर्णनाचा नायक लेखक असतो. मार्गदर्शिकेत लेखक अदृश्य असतो आणि वाचक हाच नायक असतो. मात्र हा नायक कोण, तो कोठून निघाला, त्याच्या खिशात किती पैसे आहेत, त्याच्याबरोबर कोण आहे, हे लेखकाने आधीच गृहीत धरलेले असते. मार्गदर्शिकेची खरी परीक्षा या गृहीत वाचकाच्या ठिकाणी होते.

दुसरा भेद काळाचा आहे. चांगले प्रवासवर्णन जुने झाले तरी वाचनीय राहते. मार्गदर्शिका मात्र नाशवंत असते. दर, वेळापत्रके, रस्ते बदलले की ती निरुपयोगी होते. राजस्थानचेच ताजे उदाहरण घेता येईल. त्या राज्यातील जिल्ह्यांची संख्या ३३ होती. २०२३ मध्ये ती ५० करण्यात आली आणि २०२४ च्या डिसेंबरात ९ जिल्हे रद्द होऊन ती ४१ झाली. या दोन वर्षांत छापल्या गेलेल्या कोणत्याही पुस्तकातील जिल्हावार मांडणी पुढच्याच वर्षी जुनी ठरली. परंतु याच नाशवंतपणामुळे जुनी मार्गदर्शिका इतिहासाचे साधन बनते. तिच्या काळी काय पाहण्याजोगे मानले जात होते आणि काय दुर्लक्षिले जात होते, हे तिच्याइतके नेमके दुसरा कोणताही ग्रंथ सांगत नाही.

३. मराठीतील पूर्वपरंपरा

मार्गदर्शक लेखन मराठीला नवे नाही. किंबहुना मराठी गद्याच्या आरंभकाळातच त्याचा एक असामान्य नमुना आढळतो. महानुभाव पंथातील 'स्थानपोथी' हा तो ग्रंथ होय. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या या ग्रंथात चक्रधरस्वामींचा जेथे जेथे वास झाला, त्या स्थानांची नोंद आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, स्थान नेमके कोठे आहे, हे त्यात दिशावार सांगितलेले आहे. वाचक निश्चित आहे : स्थानांना नमस्कार करीत हिंडणारा पंथीय. हेतू निश्चित आहे : स्थान चुकू नये. त्यामुळे वर्णनाला फुलोरा नाही, आणि नोंदींचा काटेकोरपणा असा, की शतकानुशतकांनंतरही अभ्यासकांना स्थाननिश्चितीसाठी त्यांचा आधार घेता यावा. ज्या वऱ्हाडात नेर आहे त्याच वऱ्हाडातील रिद्धपूर हे या पंथाचे आणि आद्य मराठी गद्याचे केंद्र होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वाचकाचे भान आणि दिशेचा काटेकोरपणा हे मार्गदर्शिकेचे दोन मूलभूत गुण मराठीने इतक्या लवकर साधले होते.

छपाईच्या युगात गणेश सदाशिवशास्त्री लेले यांचा 'तीर्थयात्राप्रबंध' १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथनाम सुचविते त्याप्रमाणे येथेही केंद्र तीर्थ हेच आहे. मराठी माणूस प्रवासाला निघे तो मुख्यतः यात्रेसाठी, आणि मार्गदर्शनही यात्रेचेच असे. या परंपरेत राजस्थानला अगदीच स्थान नव्हते असे नाही. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, त्या उदयपूर, नाथद्वारा व जयपूर या मार्गाने पुढे मथुरा, काशी, गया येथे गेल्या आणि १७३६ मध्ये पुण्यास परतल्या. वाटेतील राजेरजवाड्यांनी त्यांचा सत्कार केला. जयपुरास सवाई जयसिंहाने त्यांचा मान ठेवला. या प्रवासाची हकीकत तत्कालीन पत्रव्यवहारातून मिळते. राधाबाईंची मार्गदर्शिका म्हणजे वकिलांची पत्रे, बरोबरचा सरंजाम आणि पुत्राचा दरारा. सामान्य माणसाला ही साधने नव्हती. त्यासाठी पुस्तकच हवे होते.

ते पुस्तक मराठीत रुजले नाही, याचे एक कारण मराठी प्रवासवाङ्मयाच्या वळणात सापडते. स्वातंत्र्योत्तर काळात या वाङ्मयाला बहर आला, पण त्याचे तोंड प्रामुख्याने परदेशाकडे होते. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) ही त्या वळणाची सर्वांत लोकप्रिय उदाहरणे. देशांतर्गत प्रवासात हिमालय, नर्मदा आणि सह्याद्री यांना मान मिळाला, कारण त्यांच्यामागे यात्रेची किंवा दुर्गभ्रमणाची परंपरा उभी होती. राजस्थान शालेय इतिहासातून, नाटकांतून आणि मीराबाईंच्या भजनांतून मराठी मनात आले. राणा प्रताप, पद्मिनी, मीरा ही तीन नावे सर्वांना ठाऊक; त्यापलीकडचा प्रदेश मात्र धूसर राहिला. याउलट बंगालीत सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' या १९७१ च्या कादंबरीने आणि तिच्यावरील १९७४ च्या चित्रपटाने जैसलमेरचा किल्ला घरोघर पोहोचविला; बंगाली प्रवाशांचा त्या दूरच्या गावाकडे जो ओघ लागला, त्याचे श्रेय या एका कथेला दिले जाते. एखादी साहित्यकृती मार्गदर्शिकेचे काम करू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

४. इंग्रजी मार्गदर्शिकांचा वारसा

ही पोकळी इंग्रजी पुस्तकांनी भरून काढली. आधुनिक मार्गदर्शिकेचा साचा एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लंडनचे जॉन मरे आणि जर्मनीतील कार्ल बेडेकर यांनी घडविला : मार्गांना क्रमांक, स्थळांची संक्षिप्त माहिती, मुक्कामाची सोय, नकाशा. मरे यांच्या प्रकाशनाने १८५९ पासून हिंदुस्थानासंबंधी पुस्तके काढली. ईस्टविक यांनी लिहिलेल्या १८८३ च्या खंडात पंजाब, काश्मीर व उत्तर सिंध यांबरोबर पश्चिम राजपुतान्याचा समावेश होता. १८९१ पासून एकाच खंडात सर्व देश येऊ लागला आणि या ग्रंथाच्या आवृत्त्या स्वातंत्र्यानंतरही निघत राहिल्या. १९८१ मध्ये 'लोनली प्लॅनेट'चे भारतविषयक पुस्तक निघाले आणि पाठीवर पिशवी टाकून हिंडणारा तरुण पाश्चात्त्य प्रवासी हा नवा गृहीत वाचक अवतरला.

या पुस्तकांची राजस्थानविषयक ऐतिहासिक माहिती मात्र बऱ्याच अंशी एकाच उगमातून आली. कर्नल जेम्स टॉड हा १८१८ ते १८२२ या काळात पश्चिम राजपुतान्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्याचा राजस्थानविषयक इतिहासग्रंथ १८२९ व १८३२ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. चारणांची काव्ये, वंशावळी, आख्यायिका यांचा अफाट संग्रह त्याने केला, आणि राजपुतांविषयीच्या उत्कट आदराने तो मांडला. त्या मांडणीत मराठ्यांच्या वाट्याला लुटारूंची भूमिका आली. १८१८ च्या तहांनी राजपूत संस्थाने इंग्रजांच्या संरक्षणाखाली आली होती. ते संरक्षण आवश्यक होते हे पटविण्यास ही भूमिका सोयीची होती. टॉडचे परिश्रम थोर आहेत यात शंका नाही. पण त्याचा निष्कर्ष राजकीय परिस्थितीतून घडला आहे, हे मार्गदर्शिका सांगत नाही. ती केवळ निष्कर्ष उचलते, आणि तोही दोन ओळींत.

५. पाच कसोट्या

मार्गदर्शिका विकत घेण्यापूर्वी तिच्या साऱ्या पानांचे वाचन कोणी करीत नाही. परंतु काही ठराविक नोंदी काढून पाहिल्या असता तिची जात कळते. नेरच्या वाचकासाठी अशा पाच कसोट्या सुचविता येतात.

(अ) सामायिक इतिहासाची कसोटी : यासाठी जयपूर व नागौर या दोन नोंदी पाहाव्यात. जयपुरातील ईसरलाट हा उंच मनोरा सवाई ईश्वरीसिंहाने बांधविला. बहुतेक पुस्तके त्याला विजयस्मारक म्हणून थांबतात. याच ईश्वरीसिंहाने मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्यापुढे हताश होऊन १७५० च्या डिसेंबरात आत्महत्या केली, आणि १७५१ च्या जानेवारीत जयपूर शहरात शिरलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे १७५५ मध्ये आपल्याच छावणीत मारेकऱ्यांच्या हातून पडला; नागौरजवळ ताऊसर येथे त्याची छत्री आहे. पुढे अजमेर मराठ्यांकडे आले आणि १८१८ पर्यंत शिंद्यांचा अंमल त्या शहरावर कमीअधिक राहिला. कोट्यास शिंद्यांचे वकील म्हणून राहिलेल्या गुळगुळे घराण्याचे दप्तर मराठी इतिहासाचे मोलाचे साधन ठरले.

या घटनांत मराठ्यांचा गौरव शोधण्याचे कारण नाही. खंडणीचा जाच खरा होता आणि त्याची आठवण त्या प्रदेशाने जपली, हेही स्वाभाविक आहे. मुद्दा एवढाच, की मराठी प्रवासी राजस्थानात तटस्थ पाहुणा म्हणून जात नाही. त्याच्या पूर्वजांचा त्या भूमीशी तह, स्नेह, वसुली आणि वैर असा चौपदरी संबंध आहे. जी मार्गदर्शिका हा संबंध 'मराठ्यांची लूट' या एका शब्दात गुंडाळते ती अपुरी, आणि जी तो अजिबात सांगत नाही तीही अपुरी. भावी मराठी मार्गदर्शिका तो संबंध फक्त अभिमानाने सांगू लागली, तर तीही तेवढीच अपुरी ठरेल.

(आ) आख्यायिकेची कसोटी : यासाठी चितोड व कुलधरा या नोंदी पाहाव्यात. अलाउद्दीन खिलजीने १३०३ मध्ये चितोड घेतले, हा इतिहास. त्या मोहिमेचा समकालीन लेखक अमीर खुसरो पद्मिनीची कथा सांगत नाही. ती कथा मलिक मुहंमद जायसीच्या १५४० च्या सुमाराच्या 'पद्मावत' या काव्यातून विस्तारली. चांगली मार्गदर्शिका पद्मिनीचा महाल दाखविताना काव्य आणि इतिहास यांच्यामधील हे सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर दाखविते. असे केल्याने कथेची गोडी कमी होत नाही. उलट एका काव्याने एका किल्ल्याला कसा अर्थ दिला, हे कळून ती वाढते. जैसलमेरजवळील कुलधरा या पालीवाल ब्राह्मणांच्या ओसाड गावाबाबतही असेच आहे. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत सारे गाव उठून गेले, ही आख्यायिका. पाण्याची टंचाई, शेतीचे घटते उत्पन्न आणि वाढता करभार यांमुळे वस्ती हळूहळू ओसरली असावी, हा अभ्यासकांचा कल. पुस्तक जर तेथे केवळ भुताखेतांची गोष्ट सांगत असेल, तर इतर नोंदींवरही फारसा विश्वास ठेवू नये.

(इ) पाण्याची कसोटी : मरुप्रदेशाच्या मार्गदर्शिकेत पाण्याविषयी जे लिहिलेले असते ते बहुधा आरोग्याच्या सूचनांत असते : कोणते पाणी प्यावे, कोणते टाळावे. वास्तविक पाण्याची व्यवस्था हीच तेथील संस्कृतीची मुख्य वास्तू आहे. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' (१९९५) या हिंदी पुस्तकाने हे प्रभावीपणे दाखवून दिले. मरुभूमीतील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे वरचे पाणी ते 'पालर'; खोल भूगर्भातले, बहुधा खारे, ते 'पाताल'; आणि या दोहोंच्या मध्ये, खाली अडथळा करणाऱ्या खडियाच्या किंवा चिकणमातीच्या थरामुळे वाळूत ओलाव्याच्या रूपाने टिकून राहिलेले, ते 'रेजाणी'. हे रेजाणी पाणी थेंबाथेंबाने गोळा करण्यासाठी 'कुंई' ही अरुंद तोंडाची विहीर खणतात. पावसाचे वाहते पाणी शेतात अडवून त्या ओलीवर रब्बीचे पीक घेण्याच्या पद्धतीला 'खडीन' म्हणतात. कोरडवाहू शेतीत वाढलेल्या नेरच्या वाचकाला हवेलीच्या नक्षीइतकीच, कदाचित तिच्याहून अधिक, ही माहिती भिडेल.

त्याच कारणाने दुसरी एक नोंद पाहावी : श्रीगंगानगर. गंग कालवा १९२७ मध्ये सुरू झाला. राजस्थान कालव्याचे, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे, काम १९५८ मध्ये हाती घेण्यात आले आणि पंजाबातील हरिके येथून आलेले पाणी थेट थरच्या वाळवंटात पोहोचले. गंगानगर-हनुमानगढच्या पट्ट्यात आज ओलिताचा कापूस पिकतो. प्रेक्षणीय म्हणावे असे काही नसल्याने बहुतेक मार्गदर्शिका हा पट्टा वगळतात. परंतु काळ्या कसदार जमिनीत आकाशाकडे डोळे लावून कापूस घेणाऱ्याने वाळूत कालव्यावर पिकणारा कापूस पाहणे, आणि त्याबरोबरच त्या ओलिताने काही भागांत झालेली पाणथळ व खारवट जमीन पाहणे, हा त्याच्या आयुष्याशी थेट निगडित असा प्रवास होईल. 'प्रेक्षणीय' या शब्दाचा अर्थ वाचकागणिक बदलतो, हे मार्गदर्शिका विसरते.

(ई) पंचांगाची कसोटी : राजस्थान-प्रवासाचा हंगाम सर्व पुस्तके ऑक्टोबर ते मार्च असा देतात. दिवाळीची सुट्टी या मुदतीत येते, म्हणून वऱ्हाडी कुटुंबालाही हा सल्ला सोयीचा आहे. उन्हाळ्याविषयीच्या इशाऱ्यांची त्याला तेवढी गरज नाही. पंचेचाळीस अंशांचे ऊन त्याने घरीच सोसलेले असते. त्याला इशारा हवा तो हिवाळ्यातील रात्रीचा. चुरूसारख्या ठिकाणी पारा शून्याच्या आसपास उतरतो. वऱ्हाडातल्या थंडीच्या हिशोबाने घेतलेले पांघरूण तेथे पुरत नाही.

परंतु हवामानाचा हंगाम आणि लोकांचा हंगाम एक नव्हेत. पोकरणजवळील रामदेवरा येथे बाबा रामदेवांची यात्रा भाद्रपद शुद्ध पक्षात भरते. हिंदू त्यांना रामदेवबाबा म्हणतात, मुसलमान रामसापीर. दूरदूरची माणसे पायी येतात. पंढरीची वारी जाणणाऱ्या मराठी माणसाला मरुभूमीचे मन तेथे जितके कळेल तितके उंटावरील सफरीत कळणार नाही. ज्या पुस्तकात या यात्रेला केवळ पर्यटकांच्या उत्सवांच्या यादीत जागा मिळते, किंवा 'हंगाम नसलेला काळ' म्हणून ती गळते, त्या पुस्तकाचा लेखक तेथील लोकांबरोबर हिंडलेला नाही.

(उ) माणसांची कसोटी : ही कसोटी नेरच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. बंजारा समाज आपला पूर्वेतिहास राजस्थानाशी जोडतो. त्याची गोरबोली भाषाशास्त्रज्ञांनीही राजस्थानी भाषांच्या निकट मानली आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडणारा हा समाज शतकानुशतके मालवाहतुकीचा कणा होता. या फिरत्या व्यापाराला 'लदेणी' म्हणत. आगगाडी आणि पक्के रस्ते आल्यावर लदेणी संपली आणि तांडे जागोजाग स्थिरावले. यवतमाळ-वाशीम हा परिसर अशा वस्तीचा मोठा प्रदेश होय. संत सेवालालांचे पोहरादेवी याच परिसरात आहे, आणि १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुली गावचे.

आता या तांड्यावरील शिकलेली मुलगी राजस्थानची मार्गदर्शिका उघडते तेव्हा तिला काय दिसते? रंगीत घागऱ्याचे आणि आरशांच्या भरतकामाचे छायाचित्र, आणि ते कोणत्या बाजारात, किती घासाघीस करून विकत घ्यावे याची सूचना. तिच्या आजीचा वेश तेथे वस्तू झालेला आहे. ज्या मार्गांनी तिच्या पूर्वजांचे बैल गेले ते मार्ग पुस्तकात नाहीत. सांभर सरोवर आहे, पण तेथील मीठ कोणी वाहून नेले हे नाही. वाचक हाच नायक असे मार्गदर्शिकेचे तत्त्व आधी सांगितले. येथे वाचक नायक न राहता देखावा बनतो. नेरच्या बाजारपेठेतील मारवाडी कुटुंबाचीही स्थिती काहीशी अशीच आहे. ज्या गावाहून त्याचे पणजोबा निघाले ते लहानसे गाव पुस्तकात बहुधा नसतेच. असलीच तर शेखावाटीतील चित्रांकित हवेल्यांची नोंद असते. त्या हवेल्या ज्यांच्या पैशाने उभ्या राहिल्या, ती माणसे कलकत्ता, मुंबई आणि वऱ्हाडच्या कापूस-पेठांत आयुष्य काढीत होती, हे सांगितले तरच त्या भिंतींवरील रिकामपणाचा अर्थ लागतो.

६. निवडीची पद्धत

या पाचही कसोट्यांना पूर्णपणे उतरेल असे एकच पुस्तक शोधत बसणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी मार्गदर्शिकेची तीन कार्ये वेगळी करावीत आणि प्रत्येकासाठी वेगळे साधन निवडावे.

पहिले कार्य नाशवंत माहितीचे : गाड्या, दर, मुक्काम, अंतरे. यासाठी सर्वांत ताजी आवृत्ती आणि सर्वांत स्वस्त साधन पुरते. येथे आवृत्तीचे वर्ष हे लेखकाच्या नावापेक्षा महत्त्वाचे. पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांतील फरकही पाहून घ्यावा. राजस्थान सरकारच्या पर्यटन खात्याचा नकाशा आणि रेल्वेचे चालू वेळापत्रक हे काम चोख करतात. मात्र इंग्रजी पुस्तकांतील प्रकरणांचा क्रम तपासावा. तो बहुधा दिल्लीपासून सुरू होतो, कारण गृहीत वाचक विमानाने दिल्लीस उतरलेला असतो. दिल्ली, आग्रा, जयपूर हा त्रिकोण त्यातून आला. वऱ्हाडची वाट निराळी होती. अकोल्याहून खंडवा, महू, रतलाम, चितोडगढ, अजमेर अशी सलग मीटरगेज होती आणि तिने जाणाऱ्याला राजस्थानचा पहिला मोठा किल्ला भेटे तो चितोडचा. रुंदीकरणाच्या कामांमुळे ती सलग वाट आता उरलेली नाही. तरी दक्षिणेकडून, माळव्यातून मेवाडात शिरणे हाच वऱ्हाडी प्रवाशाचा स्वाभाविक क्रम आहे. पुस्तकाचा क्रम आपल्या वाटेनुसार उलटा करून वाचण्याचे स्वातंत्र्य वाचकाने घ्यावे.

दुसरे कार्य स्थिर माहितीचे : भूगोल, इतिहास, भाषा. अरवलीच्या रांगेने राज्याचे दोन भाग कसे पडतात, थरचे सारे वाळवंट वाळूच्या टेकड्यांचे नसून त्यात खडकाळ आणि खडीचे विस्तीर्ण भाग आहेत, संस्थाने विलीन होऊन ३० मार्च १९४९ रोजी राजस्थान कसे आकारास आले आणि १९५६ मध्ये त्याला आजचे स्वरूप कसे मिळाले, ही माहिती दरवर्षी बदलत नाही. यासाठी महागडे पुस्तक विकत घेण्याची आवश्यकता नाही. मराठी विश्वकोशातील राजस्थानवरील नोंद तालुक्याच्या वाचनालयात बसून टिपून घेता येते, आणि ती मराठीत असल्यामुळे घरातील सर्वांना वाचून दाखविता येते. कुटुंबाने मिळून करावयाच्या प्रवासात हा गुण लहान नव्हे. इंग्रजी पुस्तक घरातील एकाच्या हातात राहते आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात.

तिसरे कार्य दृष्टी देण्याचे. हे काम मार्गदर्शिका म्हणविणारे पुस्तक क्वचितच करते. त्यासाठी एखादे चांगले स्वतंत्र पुस्तक बरोबर घ्यावे. वर उल्लेखिलेले अनुपम मिश्र यांचे पुस्तक या दृष्टीने आदर्श म्हणता येईल. त्यात हॉटेलांचे दर नाहीत, प्रेक्षणीय स्थळांची यादी नाही. पण ते वाचून गेलेला माणूस जैसलमेरच्या घडसीसर तलावाकडे पाहताना केवळ कमानींचे छायाचित्र घेऊन परतणार नाही. हिंदी ही येथे अडचण ठरत नाही. वऱ्हाड दीर्घकाळ मध्यप्रांताशी जोडलेले होते. लिपी एकच आहे आणि कानाला ती भाषा सरावाची आहे. राजस्थानसाठी हिंदी पुस्तकांचा आणखी एक फायदा असा, की स्थळनामे व लोकांच्या वापरातील शब्द त्यांत मूळ उच्चाराजवळ राहतात. रोमन लिपीतून आलेल्या नावांचे मराठीत जे विद्रूप उच्चार होतात, ते टळतात.

या तीन साधनांच्या जोडीला चौथे साधन नेरमध्येच आहे, आणि ते पुस्तकरूप नाही. तांड्यावरील वृद्ध स्त्रीच्या गीतांतील स्थळनामे, बाजारपेठेतील जुन्या घरांत सांगितली जाणारी मूळ गावची आठवण, कुलदेवतेचे ठाणे, ही सारी प्रवासापूर्वी विचारून टिपून घेण्याजोगी माहिती आहे. 'स्थानपोथी'चा पाया अशाच स्मरणावर उभा होता : कोण कोठे राहिले, कोणत्या वाटेने गेले, हे जाणणाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे.

७. समारोप

मार्गदर्शिकेची निवड ही केवळ खरेदीची बाब नसून वाचनाची बाब आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. प्रत्येक मार्गदर्शिका एक वाचक गृहीत धरते. तो वाचक आणि प्रत्यक्ष वाचक यांच्यात जेवढे अंतर, तेवढी ती दिशाभूल करते. मग तिच्यातील प्रत्येक दर आणि प्रत्येक अंतर अचूक का असेना. राजस्थानच्या बाबतीत मराठी वाचकाने आजवर बहुधा दुसऱ्यासाठी लिहिलेली पुस्तके वाचली आहेत. त्यांत त्याचा इतिहास दोन ओळींत, त्याचे शेतीचे प्रश्न प्रेक्षणीय नसल्याने अनुल्लेखित, आणि त्याच्या शेजाऱ्यांचा वेश विक्रीचा माल म्हणून आला आहे.

याचा अर्थ ती पुस्तके टाकून द्यावीत असा नाही. त्यांच्याकडून क्रम, नकाशा आणि नेमकेपणा घ्यावा. दृष्टी मात्र उसनी घेऊ नये. राजस्थानची मराठी मार्गदर्शिका जेव्हा लिहिली जाईल, तेव्हा तिच्या लेखकाने प्रथम एक प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे ठरेल : हा प्रवासी कोठून निघाला आहे? 'स्थानपोथी'च्या लेखकाला आपला वाचक ठाऊक होता, म्हणून त्याची वाट चुकली नाही. नेरच्या एस. टी. स्थानकावरून, मुलाबाळांसह, पांघरुणांची गाठोडी घेऊन निघणारा प्रवासी ज्या पुस्तकाला दिसेल, ते पुस्तक मरुभूमीतही वाट चुकणार नाही.